राहुट्या शिवणाऱ्याचे हात

अण्णांच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक घट्टा होता. जुन्या रुपयाएवढा, पिवळट, काहीही टोचलं तरी न कळणारा. दाभणाचं बूड तिथं टेकवायचं आणि रेटायचं. कनातीच्या कापडाच्या चार घड्या एकावर एक आल्या की नुसत्या बोटांनी दाभण पार होत नाही, खांद्यातून जोर लावावा लागतो. तळहाताला चामड्याचा तुकडा बांधून काम करणारे कारागीर असायचे, पण अण्णा बांधत नसत. म्हणायचे, मधे चामडं आलं की हाताला कापड कळत नाही.

नगरला आमचा मंडपाचा धंदा. लग्नं, सप्ते, वर्षश्राद्धं, पुढाऱ्यांच्या सभा, आणि डिसेंबर लागला की चर्चच्या आवारातला नाताळचा मंडप. अशाच एका डिसेंबरात अण्णा ओट्यावर फाटकी कनात घेऊन बसले होते आणि मी सुईत सुतळी ओवून देत होतो. तेवढ्यात शेजारचे मास्तर मंडपाची आठवण करायला आले. निवृत्त झालेले, ख्रिस्ती, बोलायला फार गोड माणूस. बांबूंच्या मोळीवर बसले आणि थोडा वेळ अण्णांचा हात बघत राहिले.

"अण्णा, आमचा पौल हेच काम करायचा."

"कोण पौल? कुठल्या चर्चचा?"

"अहो, दोन हजार वर्षांपूर्वीचा. येशूचा निरोप घेऊन गावोगाव हिंडला. राहुट्या शिवायचा आणि उपदेश करायचा."

अण्णांनी दाभण ओढून घेतलं, गाठ मारली, दातानं सुतळी तोडली. मग विचारलं, "शिवणावळ काय घ्यायचा?"

मास्तर खो खो हसले आणि हसता हसता थांबले. म्हणाले, "दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंत की! त्यावरूनच तर करिंथकर भांडले होते त्याच्याशी."

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. पुढं मी या धंद्यात राहिलो नाही, बँकेत चिकटलो. ख्रिस्तीही झालो नाही. पण करिंथकर हे आडनाव, म्हणजे मला ते आडनावच वाटलं, डोक्यात रुतून बसलं. नगरकर, पुणेकर, तसे करिंथकर. मास्तरांनी दिलेल्या बायबलच्या नव्या करारात पाहिलं तर अख्खी गल्लीच होती: रोमकर, गलतीकर, इफिसकर, फिलिप्पैकर, थेस्सलनीकाकर. मराठी भाषांतरकारांनी एका 'कर'नं भूमध्य समुद्राचा सगळा किनारा आपल्या पेठेत आणून बसवलाय. पत्र कुणाला? 'करिंथ येथील मंडळीस.' आता 'मंडळी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं पाटावर बसलेली माणसंच येणार.

पौल मूळचा तार्सचा. आजच्या तुर्कस्तानाच्या दक्षिणेला, पूर्वीच्या किलिकिया प्रांतातलं हे शहर. या प्रांतातलं शेळीच्या केसांचं जाड कापड इतकं प्रसिद्ध होतं की लॅटिनमध्ये अशा कापडाला प्रांताचंच नाव पडलं, किलिकियुम. पौलाच्या राहुट्या या कापडाच्या की चामड्याच्या, यावर अभ्यासकांत वाद आहेत. शिवणाऱ्याच्या हाताला दोन्ही सारखीच छळतात. तो जन्मानं यहुदी, बन्यामिनाच्या वंशातला, मताने परूशी, म्हणजे नियमशास्त्राचं काटेकोर पालन करणाऱ्यांतला. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकानुसार तो यरुशलेमेत गमलिएल या मोठ्या गुरूच्या पायाशी शिकला आणि जन्मापासून रोमी नागरिक होता. एवढा शिकलेला माणूस हातानं काम कशाला करेल, असं आपल्याला वाटतं. पण शास्त्र शिकणाऱ्यानं जोडीला एखादा धंदा शिकावा, ही गोष्ट यहुदी परंपरेत कमीपणाची नव्हती. कमीपणाची होती ती ग्रीक-रोमन प्रतिष्ठितांमध्ये. हातावर पोट असलेला माणूस म्हणजे जवळजवळ गुलामच, असा तो हिशोब.

या माणसाची आपल्याला होणारी पहिली ओळख काही चांगली नाही. यरुशलेमेबाहेर स्तेफन नावाच्या येशूच्या अनुयायाला दगडांनी ठेचून मारत होते. दगड मारायला हात मोकळे हवेत म्हणून लोकांनी अंगावरची वस्त्रं काढून एका तरुणाच्या पायाशी ठेवली. त्या तरुणाचं नाव शौल. त्यानं स्वतः दगड मारला, असं लिहिलेलं नाही. तो कपडे राखत होता. मला हे दगड मारण्यापेक्षा वाईट वाटतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. ख्रिस्ती लोकांना धरून आणायला तो दिमिष्काला, म्हणजे दमास्कसला, निघाला होता. वाटेत प्रकाश पडला, 'शौला, शौला, माझा छळ का करतोस?' असा आवाज आला आणि हा जमिनीवर कोसळला. घोड्यावरून कोसळला असं आपण समजतो, पण घोडा चित्रकारांनी आणला. मूळ मजकुरात घोडा नाही. त्याच क्षणी शौलाचा पौल झाला, हेही खरं नाही. इब्री शौल आणि रोमन पौल अशी दोन्ही नावं त्याला असावीत, आणि पुस्तकात ती अदलाबदल बरीच पुढं, कुप्र म्हणजे सायप्रस बेटावर होते. मजकुरात आहे ती वेगळीच गोष्ट. उठल्यावर त्याला दिसेना, म्हणून सोबत्यांनी त्याचा हात धरून त्याला गावात नेलं. बेड्या घालायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या हाताला धरून वेशीतून आत आला आणि 'नीट' नावाच्या रस्त्यावरच्या एका घरात तीन दिवस अन्नपाण्याविना बसून राहिला. काही काळानं त्याच गावातून रात्री पाटीत बसवून, तटावरून दोरानं खाली सोडून त्याला पळवावं लागलं. पाटीत बसलेला संत दुसऱ्या कुठल्या धर्मात मी पाहिलेला नाही.

त्याचे प्रवास मी इथं भरभर सांगतो, कारण नकाशे सगळीकडं मिळतात. कुप्र, आशिया मायनर, मग समुद्र ओलांडून ग्रीस. लुस्त्र गावात आधी लोकांनी त्याला नि त्याच्या सोबत्याला, बर्णबाला, देव समजून यज्ञासाठी बैल आणले, आणि त्याच गावात नंतर पौलाला दगडमार करून, मेला असं समजून वेशीबाहेर ओढून टाकलं. पुढं एका पत्रात त्यानं स्वतःच हिशोब मांडलाय: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं. अण्णांनी हे ऐकलं असतं तर लगेच गुणाकार केला असता. नुसते फटकेच 195.

मी रमतो तो करिंथात. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं हे शहर. दोन बाजूंना दोन बंदरं, मधे माल आणि माणसं यांची सदा वर्दळ. जवळच दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत. जिथं जत्रा तिथं पालं, जिथं दुकानं तिथं उन्हाची कापडं, जिथं जहाजं तिथं शिडं. आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल, गाव चांगलं निवडलं. तिथं पौलाला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं भेटलं. क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोममधून घालवलं तेव्हा आलेलं. त्यांचाही धंदा राहुट्यांचाच, म्हणून पौल त्यांच्याकडं राहिला आणि कामाला लागला. अख्ख्या नव्या करारात त्याच्या धंद्याचं नाव एवढ्या एका ओळीत येतं. ते दोघं भेटलेच नसते तर लेखकानं तेही सांगितलं नसतं.

पौल करिंथात राहिला ती दीड वर्षं म्हणजे जवळजवळ इ. स. 50 ते 52. एवढं नेमकं सांगता येतं कारण याच काळात पौलाला गल्लियो नावाच्या सुभेदारापुढं उभं केलं होतं, आणि या गल्लियोचा उल्लेख असलेलं बादशहाचं पत्र डेल्फीला दगडात कोरलेलं सापडलं. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा या खुंटीला ताणून बांधलेल्या आहेत. ही खुंटी उपटली तर सगळा मंडप डुलायला लागेल.

दुकानातलं काम कसं चालत असेल, ते मी ओट्यावर बसून पाहिलेलं आहे. शिवणकाम हे बोलायला फार सोयीचं काम. लोहाराच्या भात्यापुढं बोलता येत नाही, कुंभाराचं चाक नजर हलू देत नाही. शिवणाऱ्याचे हात आपले चालू राहतात आणि तोंड मोकळं असतं. गिऱ्हाईक बसतं, शेजारचा दुकानदार येऊन टेकतो, कुणाचा तरी गुलाम निरोप घेऊन आलेला असतो तो दाराशी रेंगाळतो. पौलाचा सगळ्यात मोठा उपदेश देवळात किंवा चौकात झाला असेल असं मला वाटत नाही. तो टाके घालता घालता झाला असणार. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात तो आठवण करून देतोच, तुमच्यापैकी कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस राबून तुम्हाला सुवार्ता सांगितली. हे पत्र साधारण 50 सालातलं, बहुधा आज हातात असलेलं सगळ्यात जुनं ख्रिस्ती लिखाण. येशूची चरित्रं सांगणारी चारही शुभवर्तमानं त्यानंतरची.

आता शिवणावळ. त्या काळी गावोगाव फिरणारे वक्ते भरपूर होते आणि ते व्यवस्थित फी घेत. किंवा एखाद्या श्रीमंताच्या घरी उतरत, त्याच्या पंगतीला बसत आणि त्याच्या तालावर बोलत. करिंथातल्या बऱ्या घरच्या मंडळींना पौलाला असंच पोसायला आवडलं असतं. त्यानं नाही म्हटलं. हा नकार त्यांना झोंबला. फुकट देतो म्हणजे माल हलका असणार, हा बाजाराचा नियम तेव्हाही होता. शिवाय आपण ज्याला गुरू म्हणतो तो घामेजून दाभण चालवतो, हे चारचौघांत सांगायचं कसं? पौल त्यांना पत्रातून सुनावतो. मजुरी मागायचा हक्क मला आहे, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नये असं शास्त्रच सांगतं, पण तो हक्क मी वापरणार नाही. आणि गंमत अशी की फिलिप्पैकरांनी पाठवलेले पैसे मात्र त्यानं घेतले, तेही एकदा नव्हे. करिंथकर चिडणारच. मला त्याचं वागणं कळतं. अण्णासुद्धा काही घरांतून विसार घेत नसत आणि काही घरांतून घेतल्याशिवाय बांबू हलवत नसत. ज्याच्या पैशाला दोरी बांधलेली असते, ते पैसे हातात घेतल्यावर कळतं.

इफिसातली एक गोष्ट आहे. पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल आणि फडकी लोक आजाऱ्यांकडं नेत आणि ते बरे होत. चमत्कार झाला की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी त्या कापडांपाशी थांबतो. ग्रीक शब्द आहेत ते घाम पुसायच्या रुमालाचे आणि कमरेला बांधायच्या फडक्याचे, म्हणजे कारागीर कामाला बसताना बांधतो ते. लोकांनी पवित्र म्हणून नेलं ते कामावरचं कळकट फडकं.

बोलण्यात मात्र तो फारसा चमकत नसावा. पत्रं वजनदार, पण समोर आला की किडकिडीत आणि भाषण टाकाऊ, असं लोक म्हणायचे; हे त्यानं स्वतःच नोंदवलंय. त्रोवसात तो एकदा मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेला युतुख नावाचा पोरगा डुलक्या घेत घेत खाली पडला. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं, पोरगा जिवंत निघाला. मग पौल वर गेला, भाकर मोडून खाल्ली आणि उजाडेपर्यंत बोलत राहिला! सप्त्यातल्या कीर्तनाला खांबाला टेकून झोपलेला मी, मला युतुख फार जवळचा वाटतो.

पण एक प्रसंग असा आहे की तिथं मी पौलाला मनापासून हात जोडतो. अंत्युखिया शहरात यहुदी आणि परजातीय, म्हणजे यहुदी नसलेले, विश्वासणारे एकत्र जेवत. पेत्र आला, तोही बसला त्यांच्यात. मग यरुशलेमेहून काही माणसं आली, आणि ती काय म्हणतील या धास्तीनं पेत्र हळूच उठून वेगळा बसायला लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी उठले, बर्णबासुद्धा उठला. आपल्याकडं याला सरळ शब्द आहे, पंक्तिभेद. पेत्र हा येशूबरोबर प्रत्यक्ष हिंडलेला, सगळ्यांत ज्येष्ठ. पौल मागून आलेला, छळ करणाऱ्यांतला. तरी त्यानं सगळ्यांदेखत, तोंडावर पेत्राला दोषी धरलं. आमच्या मंडपाखाली किती पंगती उठल्या त्याची गणती नाही. कोण कुठं बसतं, कुणाची पानं नंतर मांडतात, कुणाला कनातीपलीकडं वाढतात, हे मी पाटाएवढा असल्यापासून पाहिलंय. त्या वेळी कुणी उठून बोललेलं आठवत नाही. मीही नाही. नगर जिल्ह्यात मिशनकडं गेलेल्यांत महार आणि मांग समाजांतली माणसं सगळ्यांत जास्त का होती, याची कारणं पोथीत शोधण्याआधी पंगतीत शोधावीत.

तरीही पौल पूर्ण पचत नाही. स्त्रियांनी सभेत गप्प बसावं, हे वाक्य त्याच्या पत्रात आहे. काही अभ्यासक ते मागून घुसलेलं मानतात. ज्या पत्रांतून त्याचं सगळं तत्त्वज्ञान आपल्याला कळतं, त्यातलं सर्वांत मोठं, रोमकरांना लिहिलेलं, घेऊन जाणारी मात्र बहुधा किंख्रियाची फिबी ही बाई होती. आणि ही पत्रं मराठी बायकांना वाचता यावीत म्हणून इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं तेही एका बाईनं, पंडिता रमाबाईंनी, केडगावला बसून. केडगाव म्हणजे दौंडजवळचं, आमच्या नगरचं नव्हे. 1922 साली त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. छापखान्यात खिळे जुळवायलाही त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकाच.

गुलामीचंही तसंच. फिलेमोन नावाच्या मालकाला लिहिलेली त्याची एक चिठ्ठी आहे, जेमतेम पानभर. मालकापासून दुरावलेला अनेसिम नावाचा गुलाम तुरुंगात पौलाला भेटला. पौल त्याला परत पाठवतो. हे वाचून मला राग येतो, आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी हीच चिठ्ठी पुढं नाचवली, तेव्हा राग जागच्या जागी आहे. पण पाठवताना लिहितो काय? त्याला गुलाम म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे. तो तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या खात्यावर मांड. आणि मग लेखनिकाच्या हातातून बोरू घेऊन म्हणतो, मी पौल हे स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केलेली माणसं मी बँकेत तीस वर्षं पाहिली. सही करताना त्यांचा हात कसा होतो, ते मला माहीत आहे.

पत्रं तो सांगत असे आणि लिहिणारा दुसरा असे. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी तो लेखनिक मधेच डोकं वर काढतो, हे पत्र लिहून देणारा मी तर्तिय तुम्हाला सलाम सांगतो. पण गलतीकरांवर पौल इतका संतापलेला होता (त्यातलं एक वाक्य तर इथं लिहिता येणार नाही) की शेवट त्यानं स्वतः लिहिला. बघा, किती मोठाल्या अक्षरांत मी माझ्या हातानं लिहितोय. मोठाल्या का, यावर पुष्कळ तर्क झालेत. डोळे अधू असतील, जोर द्यायचा असेल. मला अण्णांची सही आठवते. पावतीबुकातल्या रेघेत ती कधी मावली नाही. अंगठा नीट वळायचाच नाही.

शेवटी यरुशलेमेत त्याला पकडलं. कैसरियात दोन वर्षं कोठडी, मग बादशहाकडं दाद मागितली म्हणून जहाजानं रोमला रवानगी. वाटेत चौदा दिवस वादळ, जहाजावर 276 माणसं, माल्टाच्या किनाऱ्याला जहाज रुतून फुटलं. सगळे वाचले. पाऊस आणि थंडी होती, बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली. आणि हा साठीकडं झुकलेला कैदी काय करत होता? काटक्या गोळा करत होता. त्या मोळीतून साप निघाला आणि त्याच्या हाताला विळखा घालून राहिला. त्यानं तो विस्तवात झटकला. लोक तो सुजून मरायची वाट बघत बसले, आणि काही झालं नाही म्हणून म्हणायला लागले, हा देव आहे. मला सापापेक्षा काटक्याच दिसतात. जहाज फुटलंय, पहारेकरी आहेत, दुसऱ्या कुणीही विस्तव घातला असता. पण रिकामा बसवत नाही असा एक माणूस प्रत्येक वऱ्हाडात असतो.

रोममध्ये तो दोन वर्षं भाड्याच्या घरात पहाऱ्यात राहिला, येईल त्याच्याशी बोलत, आणि तिथंच 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक थांबतं. पुढं नीरो बादशहाच्या काळात त्याचा शिरच्छेद झाला, असं परंपरा सांगते.

त्याच्या नावावरच्या तेरा पत्रांपैकी सातच निर्विवाद त्याची मानतात. तीमथ्य या सहकाऱ्याला लिहिलेलं दुसरं पत्र त्या सातांत नाही. पण त्याच्या शेवटी एक निरोप आहे, आणि तो कुणी मुद्दाम रचून घातला असेल असं मला पटत नाही. त्रोवसात कार्पाकडं माझा झगा राहिलाय, येताना तेवढा आण, आणि पुस्तकं, त्यातही चर्मपत्रं. हिवाळ्याआधी ये.

मास्तर आणि अण्णा दोघंही आता नाहीत. हा निरोप मी वाचला तेव्हा अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी पहिलं विचारलं असतं, झगा कसल्या कापडाचा? जाडजूड प्रवासी झगा, डोक्यातून घालायचा, आपल्याकडच्या घोंगडीच्या खोळीसारखा, असं मी सांगितलं असतं. मग त्यांनी विचारलं असतं, स्वतः शिवलेला का? आणि तो त्याला मिळाला का?